काळ्या कातळात कोअर बिट जास्त मीटर कसं चालेल?

गडमुडशिंगी, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात शेड, गोदाम किंवा पूल उभारण्याआधी जमीन तपासायची म्हटलं की कोअर बोअर आलंच. वर काळी माती किंवा मुरूम, त्याखाली कुजलेला खडक आणि मग दक्खनचा काळा कातळ. मुरमातून उतरणं सोपं असतं. कातळ लागला की मीटर सरकेनासे होतात, बिटं भराभर बदलावी लागतात आणि मग ठेकेदार दुकानदाराला एकच सांगतो, 'जास्त टिकणारं बिट द्या.' मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. बिट किती टिकणार याचा थोडाच भाग कारखान्यात ठरतो. उरलेला भाग बोअरवर ठरतो. खाली कोणता दगड आहे, मशीन किती फेऱ्यांवर चाललंय, फीड किती दिलंय आणि पाणी किती वर येतंय, यावर. कोल्हापूर परिसरात जमीन तपासणीची कामं घेणारे ठेकेदार, ड्रिलर आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे तरुण अभियंते यांच्यासाठी हा लेख आहे.

बिट नीट चालण्याला खर्चापलीकडेही महत्त्व आहे. बोअर घेण्याचा हेतू दगडाचा खरा नमुना वर आणणं हा असतो. गुळगुळीत झालेलं किंवा थरथरणारं बिट कोअरचे तुकडे पाडतं. दहा सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांवरून काढला जाणारा आरक्यूडी त्यामुळे खाली येतो. अहवाल वाचणाऱ्या डिझायनरला खडक आहे त्यापेक्षा फुटका वाटतो आणि पाया विनाकारण खोल जातो. तो वाढीव खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि त्याला कारणही कळत नाही. ताजी, धारदार फट मशीनची असते. गंजाची, मातीची किंवा कॅल्साइटची पुटं चढलेली फट मूळ खडकातली असते. कोअर बॉक्समध्ये भरतानाच हा फरक लिहून ठेवला पाहिजे.

आधी हिशेब

बिटची किंमत भागिले मिळालेले मीटर, एवढाच हिशेब करून बिट निवडणारे पुष्कळ आहेत. त्यात मशीनचा वेळ धरलेला नसतो. समजा मशीन, डिझेल आणि माणसं मिळून तासाला २,००० रुपये पडतात. पहिलं बिट ८,००० रुपयांचं, २० मीटर चालतं आणि तासाला १ मीटर कापतं. मीटरमागे बिटचे ४०० आणि वेळेचे २,०००, मिळून २,४०० रुपये. दुसरं बिट १५,००० रुपयांचं, ५० मीटर टिकतं, पण तासाला ०.८ मीटरच सरकतं. बिटचे ३०० आणि वेळेचे २,५००, एकूण २,८०० रुपये. तिसरंही १५,००० रुपयांचंच, ३० मीटरमध्ये संपतं, पण तासाला सव्वा मीटर कापतं. बिटचे ५०० आणि वेळेचे १,६००, म्हणजे २,१०० रुपये. बिटचा खर्च सर्वांत जास्त दिसतो तेच काम सर्वांत स्वस्त पडलं. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या मशीनचे आकडे घालून हाच हिशेब एकदा करून बघा.

उंच क्राउनच्या बिटबद्दल इथंच बोललेलं बरं. हिरे मिसळलेल्या धातूच्या ज्या कड्यानं दगड कापला जातो तो क्राउन. त्याची उंची जास्त असेल तर झिजायला माल जास्त, म्हणून मीटर जास्त. खोल वायरलाइन बोअरमध्ये हा फायदा मोठा असतो. तिथं आतली नळी दोरानं वर येते आणि रॉड फक्त बिट बदलायला काढावे लागतात. शंभर-दोनशे मीटर रॉड काढून पुन्हा उतरवण्यात कामाचे तास जातात, ते तास वाचतात. आपल्याकडच्या पायाच्या तपासणीत मात्र बोअर बहुधा दहा ते तीस मीटरचं असतं आणि साधं डबल ट्यूब बॅरल वापरतात. प्रत्येक रनला रॉड वर येतातच, त्यामुळे बिट बदलायला वेगळी फेरी पडत नाही. अशा कामात उंच क्राउनसाठी जादा पैसे मोजताना मीटरमागचा हिशेब तपासून घ्या. शिवाय उंच क्राउन फुटक्या, सांध्यांच्या कातळात आदळला तर त्याचा तुकडा उडण्याचा धोका जास्त. निदान या पट्ट्यातल्या कामांसाठी, योग्य मॅट्रिक्सचं, म्हणजे हिरे धरून ठेवणाऱ्या योग्य धातूचं, मध्यम उंचीचं बिट चुकीच्या मॅट्रिक्सच्या उंच बिटापेक्षा केव्हाही सरस, असं माझं मत आहे.

मऊ दगडाला कडक, कडक दगडाला मऊ

कातळासाठी आज बहुतेक ठिकाणी इम्प्रेग्नेटेड बिट वापरतात. कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण टंगस्टन, तांबं वगैरे धातूंच्या भुकटीत मिसळून, तापवून त्याचं कडं बनवतात. पूर्वी मोठे नैसर्गिक हिरे कड्याच्या तोंडावर बसवलेली सरफेस सेट बिटं चालत. त्यांतले वाचलेले हिरे काढून नव्या बिटात पुन्हा बसवता येतात. इम्प्रेग्नेटेड बिट संपलं की संपलं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रयोगशाळेत हिरा तयार झाला आणि पुढं कृत्रिम हिऱ्याचे कण कारखान्यात बनू लागले, म्हणून ही बिटं आवाक्यात आली.

या बिटचं काम समजून घेतलं तर निम्मे प्रश्न सुटतात. वरचे हिरे दगड कापता कापता बोथट होतात, झडतात. भोवतीचं धातूचं मॅट्रिक्स त्याच वेळी झिजत गेलं तर खालचे ताजे हिरे उघडे पडतात आणि बिट आपली धार आपणच टिकवतं. मॅट्रिक्स झिजवायचं काम दगडाची पूड करते. वाळूसारखी खरखरीत पूड असेल तर मॅट्रिक्स झपाट्यानं झिजतं, म्हणून तिथं कडक मॅट्रिक्स हवं. दगड कठीण पण पूड पिठासारखी असेल तर मॅट्रिक्स झिजतच नाही. हिरे बोथट होऊन धातूच्या पातळीला येतात आणि बिट नुसतं फिरत राहतं. तिथं मऊ मॅट्रिक्सच घ्यावं लागतं.

आपला काळा कातळ नेमका या दुसऱ्या जातीचा. घट्ट बेसॉल्ट दाबाला फार मजबूत असतो, पण त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. पूड करडी आणि मऊ निघते. 'दगड कठीण आहे, बिटही कडक पाहिजे' असा विचार करून कडक मॅट्रिक्स घेतलं की ते चार-पाच मीटरमध्ये आरशासारखं चकचकीत होतं. मापायला गेलं तर क्राउन जवळजवळ नवा, पण मशीन जागचं हलत नाही. असं बिट खराब म्हणून कोपऱ्यात पडतं. खरं तर ते चुकीच्या दगडात गेलेलं असतं.

पण दक्खनचा थर म्हणजे एकसंध कातळ नव्हे. लाव्हाच्या एका प्रवाहावर दुसरा साचत गेला. प्रत्येक प्रवाहाचा माथा बहुधा जाळीदार असतो आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, कधी गारगोटीसारखं चॅल्सेडनी भरलेलं असतं. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या चिकण मातीचा थर, म्हणजे रेड बोल, लागतो. झिओलाइट आणि कॅल्साइट चाकूनं ओरखडतात, चॅल्सेडनीवर चाकू चालत नाही. खिशातल्या चाकूची ही एवढी चाचणी प्रत्येक रनच्या कोअरवर करावी. चॅल्सेडनीच्या गाठी भरपूर असतील किंवा थर फुटका, कुजका असेल तर घट्ट कातळासाठी घेतलेलं फार मऊ मॅट्रिक्स तिथं लवकर संपतं. तेव्हा एक पायरी कडक बिट वापरावं. एका बोअरसाठी दोन प्रकारची बिटं जवळ ठेवणं हा वाया खर्च नव्हे. पन्हाळ्याचा माथा किंवा राधानगरीकडची पठारं इथं वर जांभा भेटतो. त्याच्यासाठी टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे टीसी बिट पुरतं. हिऱ्याचं बिट तिथं घालणं म्हणजे पैसा घालवणं.

खाली काय लागेल याचा अंदाज चुकला तर काय होतं, याची कल्पना महाराष्ट्रातल्या दोन खोल बोअरवरून येते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचं बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटरला बेसॉल्ट संपला आणि पुढं जुना मूळ खडक लागला. सातारा जिल्ह्यात कोयना भूकंप संशोधनासाठी रासाटीला घेतलेलं बोअर १,५२२ मीटर खोल आहे. तिथं सुमारे ९३३ मीटरपर्यंत बेसॉल्ट होता आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, पूड खरखरीत. वर चांगलं चाललेलं मऊ मॅट्रिक्स अशा खडकात वेगानं झिजणार. आपण तीस मीटरच जात असलो तरी नियम तोच. दगड बदलला की बिटचा विचार पुन्हा करायचा.

मॅट्रिक्सला कंपन्या क्रमांक देतात. अनेक कंपन्यांत मोठा क्रमांक म्हणजे जास्त कठीण दगडासाठीचं, म्हणजेच मऊ मॅट्रिक्स. पण एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या सातासारखा असेलच असं नाही. म्हणून नुसता क्रमांक सांगून बिट मागवू नका. 'घट्ट, बारीक कणांचा बेसॉल्ट, क्वार्ट्झ नाही, मशीन ५०० ते ६०० आरपीएमचं, साधं डबल ट्यूब बॅरल' अशी माहिती द्या.

फेरे आणि फीड यांची सांगड

इम्प्रेग्नेटेड बिटला वेग लागतो. बिटच्या बाहेरच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण २ ते ५ मीटर असला तर ते नीट कापतं. एनएक्स बिटचा बाहेरचा व्यास सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात कड २४ सेंटिमीटरच्या आसपास फिरते. ४०० आरपीएमला हा वेग १.६ मीटर पडतो, ८०० ला ३.२ मीटर. जुनी मशीनं दोनशे-तीनशे फेऱ्यांवरच अडकतात. तिथं महागडं इम्प्रेग्नेटेड बिट घेऊन पुरता फायदा मिळत नाही. आधी मशीन, गिअर आणि पट्टे बघा.

फेरे आणि पुढं सरकणं यांचं प्रमाण हे सर्वांत उपयोगी माप आहे आणि ते काढायला मनगटावरचं घड्याळ आणि खडूची खूण एवढंच लागतं. रॉडवर दहा सेंटिमीटरच्या दोन खुणा करा, त्यातलं अंतर सरकायला किती वेळ लागतो ते बघा. एक सेंटिमीटर पुढं जायला साधारण ८० ते १०० फेरे लागले तर बिट ठीक चाललंय. ६०० आरपीएमवर म्हणजे मिनिटाला सहा ते साडेसात सेंटिमीटर, आणि दीड मीटरचा रन वीस ते पंचवीस मिनिटांत. शंभराच्या बरेच वर फेरे लागत असतील तर बिट कापण्याऐवजी घासतंय. अशा वेळी फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. ऐंशीच्या बरेच खाली आले तर ते गरजेपेक्षा जोरात दगडात घुसतंय आणि मॅट्रिक्स वाया चाललंय. तिथं फीड हलकं करा किंवा फेरे वाढवा. आकडा तंतोतंत धरायचा नाही, पण दिवसातून दोन-तीनदा मोजायचा.

बिट घासू लागल्यावर बहुतेक ठिकाणी उलटं केलं जातं. सरकत नाही म्हणून फेरे वाढवतात. त्यानं ते आणखी चकचकीत होतं. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावतात, तसं या बिटला पुन्हा खरखरीत करावं लागतं. बोअरमध्येच करायचं तर फेरे कमी करून फीड थोडं थोडं वाढवत दोन-चार सेंटिमीटर कापायचं. बिटनं पुन्हा दगड धरला की सरकण्याचा वेग वाढतो, मग नेहमीच्या मापावर यायचं. तेवढ्यानं न जमलं तर बिट वर काढून ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडानं तोंड घासावं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडून ॲल्युमिनाच्या बारीक ग्रिटनं हलकं ब्लास्टिंगही करून घेता येतं. स्टीलच्या छऱ्यांचं शॉट ब्लास्टिंग नको आणि हँड ग्राइंडर तर मुळीच नको. ग्राइंडरच्या उष्णतेनं हिरेच जातात. पाणी थोडं कमी करून बिट खरखरीत करण्याची युक्ती जुने ड्रिलर वापरतात. ती त्यांच्याच हाती ठेवावी, नवख्यानं केली तर बिट जळतं.

फीड वाढवायचं तर मशीन जमिनीला घट्ट हवं. हलकी मशीनं घट्ट कातळात फीड देताच पुढून उचलतात. रॉड वाकतो, बॅरल थरथरतं आणि कोअर तुटतो. जमिनीत अँकर ठोकून किंवा पाटावर वजन ठेवून मशीन बांधल्याशिवाय कातळात उतरू नका.

पाणी

बिट लवकर जाण्याची कारणं शोधायला लागलं तर सर्वांत जास्त वेळा बोट पाण्यावर येतं, आणि सर्वांत कमी लक्षही तिथंच असतं. पाण्याला दोन कामं असतात, बिट थंड ठेवायचं आणि पूड वर आणायची. साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढं हिऱ्याची ताकद ढासळते. पाणी थांबलं तर काही सेकंदांत बिटचं तोंड तिथवर तापू शकतं. बिट निळसर पडलं, धातू पसरल्यासारखा दिसला, पाण्याच्या खाचा बुजल्या की ते जळलं समजा. त्यावर उपाय नाही.

दुसरं काम, पूड वर आणायचं, आपल्याकडच्या सामग्रीत फार दुबळं राहतं आणि त्याचं कारण रॉड आहे. ७६ मिलिमीटरच्या बोअरमध्ये ६७ मिलिमीटरचे एनडब्ल्यू रॉड असतील तर मिनिटाला ३५ लिटर पाण्यात वर येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडा वर असतो. पूड सहज येते. तेच काम ५४ मिलिमीटरच्या बीडब्ल्यू रॉडवर केलं तर बाजूची पोकळी दुपटीहून मोठी होते आणि त्याच पाण्यात वेग पाव मीटरवर येतो. जड पूड तळाशी साचते, बिट तीच पूड पुन्हा दळत बसतं, गेज झिजतं आणि बॅरल अडकण्याची भीती असते. बारीक रॉडच वापरायचे असतील तर पंपानं मिनिटाला ६५ लिटरच्या आसपास पाणी द्यायला हवं. तुमचा पंप खरोखर किती देतो, हे पंपाच्या पाटीवरून ठरवू नका. सुटलेल्या पाण्याखाली वीस लिटरचा डबा धरा आणि किती सेकंदांत भरतो ते मोजा. ३५ लिटरचा पंप तो डबा साधारण ३४ सेकंदांत भरतो.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, म्हणून तेच फिरवावं लागतं. एकाच खड्ड्यातून उपसलं तर गाळ पुन्हा बिटपर्यंत जातो. दोन खड्डे करा. पहिल्यात गाळ बसू द्या, दुसऱ्यात वरचं निवळ पाणी सांडू द्या आणि फूट व्हॉल्व्ह तळापासून वर टांगा. एवढ्यानं पंपाचे सीलही जास्त चालतात.

परत येणाऱ्या पाण्याकडे बघत राहण्यासाठी माणूस नेमलेला असावा. करडं पाणी म्हणजे घट्ट कातळ. तांबूस झालं तर बोल किंवा कुजका थर जवळ आला. पांढरे कण दिसले तर झिओलाइट-कॅल्साइटचा जाळीदार भाग. धातूची चमक दिसली तर मशीन ताबडतोब थांबवा. पाणी एकाएकी परत येईनासं झालं, तर दोन प्रवाहांच्या सांध्यातून किंवा फटीतून ते जातंय. त्याच जोरानं पुढं रेटू नका. फेरे कमी करा, पाणी पुरेसं खाली जातंय याची खात्री करा, गरज पडली तर केसिंग पुढं न्या किंवा तेवढा भाग ग्राउटनं भरून पुन्हा कापा. पंपाचा दाब अचानक वाढला आणि सरकणं थांबलं तर कोअर आत अडकलाय. तिथंच रन संपवा. दीड मीटर पुरा करण्याच्या हट्टापायी कोअर दळला जातो, बिटची आतली कड झिजते आणि नमुना जातो तो वेगळाच.

रेड बोलमध्ये चिकण माती खाचांत बसते. तिथं पाणी जास्त, फीड कमी. पॉलिमर चालत असेल तर फायदा होतो. पण ज्या बोअरमध्ये पाणी मुरण्याची चाचणी घ्यायची आहे तिथं बेंटोनाइट घालू नये, फटी बुजतात आणि चाचणीचा आकडा खोटा येतो.

उतरवताना

हिऱ्याचं बिट घालण्याआधी मुरमातलं टीसी बिटचं काम पुरतं संपवा, केसिंगचा शू पक्क्या खडकात बसवा आणि तळ धुऊन काढा. टीसीचा तुटलेला दाणा तळाशी राहिला तर नवं बिट त्याच्यावर पहिल्याच तासात खराब होतं. आधीच्या रनचा कोअर तळाशी उरला असेल तर नवं बिट त्यावर चढवू नका, आधी जुन्या बिटनं तो काढा. तळापासून फूटभर वर थांबा, पाणी सुरू करा, परत येऊ द्या, मग हळू फिरवत टेकवा. पहिले दहा-पंधरा सेंटिमीटर हलक्या फीडवर जाऊ द्या.

एकाच कामासाठी तीन-चार बिटं आणली असतील तर व्हर्निअरनं त्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि सर्वांत मोठं आधी वापरा. बोअर हळूहळू अरुंद होत जातं. लहान बिट आधी आणि मोठं नंतर घातलं तर मोठ्याला आख्खं बोअर पुन्हा रुंद करावं लागतं. रीमिंग शेल झिजलं असेल तर हाच त्रास प्रत्येक नव्या बिटला होतो, म्हणून शेलही मोजा. वाकडे रॉड, झिजलेले आटे, ग्रीस नसलेलं स्विव्हल बेअरिंग यांनी येणारी थरथर कोणतंही बिट सहन करत नाही. लेथवाल्यांची कोल्हापुरात कमतरता नाही. रॉडची सरळता आणि आटे कामाआधी तपासून घ्या.

काढलेल्या बिटचं तोंड

बिट वर आलं की ते धुऊन उजेडात बघा, फेकू नका. क्राउन सगळीकडे सारखा झिजला असेल आणि हिरे बोटाला खरखरीत लागत असतील तर जुळणी चांगली झाली. तोंड चकचकीत आणि क्राउन शिल्लक असेल तर मॅट्रिक्स फार कडक किंवा फीड कमी. क्राउन भराभर उतरला आणि हिरे जास्तच वर आलेले दिसले तर मॅट्रिक्स फार मऊ, किंवा फेऱ्यांच्या मानानं फीड जास्त. आतली कड जास्त गेली तर सुटा कोअर दळला गेलाय किंवा बिट फार जोरात रेटलंय. बाहेरची कड गेली तर बोअर अरुंद होतं किंवा पाणी कमी पडलं. तोंडावर गोल खाच पडली तर तळाशी धातूचा तुकडा किंवा गारगोटी असणार. खाचेपाशी तडा असेल तर बिट आदळलंय किंवा फीड अती झालंय.

ही नोंद वहीत हवी. बिटचा नंबर, मॅट्रिक्स, जागा, किती मीटरपासून किती मीटरपर्यंत, दगड, आरपीएम, डबा भरायला लागलेले सेकंद आणि बिट काढण्याचं कारण, प्रत्येक रनला एक ओळ. ड्रिलर बदलला, मशीन बदललं तरी वही टिकते. गोकुळ शिरगावच्या कातळात कोणतं मॅट्रिक्स चालतं हे कोणत्याही कॅटलॉगात छापलेलं नसतं. ते अशा दहा-पंधरा बिटांच्या नोंदीतूनच कळतं. भारतीय मानक ६९२६ मध्ये डायमंड कोअर ड्रिलिंगची कार्यपद्धती आणि १०२०८ मध्ये त्याच्या सामग्रीची मापं दिलेली आहेत. देखरेख करणाऱ्या अभियंत्याकडे दोन्ही असावीत.

काँक्रीटमध्ये कोअर कटिंग करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. आपल्या काँक्रीटची खडी काळ्या दगडाची, आणि क्रश सँडही बहुधा त्याचीच. क्वार्ट्झची वाळू नसल्यामुळे इथंही सेगमेंट चकचकीत होण्याची तक्रार जास्त असते, म्हणून मऊ बाँडचा सेगमेंट मागा. सळई लागली की आवाज बदलतो. तेव्हा दाब कमी करा, पाणी चालू ठेवा आणि सळई पार होऊ द्या. कॉलम-बीममधली सळई कापण्याआधी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी हवी.

फिरत्या रॉडजवळ हातमोजे आणि सैल कपडे घालू नका. रॉड काढताना खाली उभं राहू नका. काँक्रीट असो की कातळ, कोरडं कापू नका, ती धूळ फुप्फुसात साचते.

पुढचं बिट घ्यायला जाल तेव्हा झिजलेलं जुनं बिट, गेल्या बोअरच्या कोअरचा हातभर तुकडा आणि वहीचं पान सोबत न्या. दुकानदाराला किंमत विचारण्याआधी या दगडासाठी हे मॅट्रिक्स का, असं विचारा. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर एकच बिट घ्या, पाच मीटर कापून तोंड बघा, आणि मगच बाकीची मागवा.